रात्री ११ नंतर डीजे चालू असेल तर तक्रार महापालिकेत करायची का पोलिसात?

पोलिसात, थेट ११२ ला फोन लावा, महापालिकेच्या ॲपवर टाकलं तर सकाळपर्यंत कोणी बघणार पण नाही. कारण २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंदच पाहिजे आणि ते बंद करायचं काम पोलिसांचं आहे, राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे साध्या गप्पांपेक्षाही कमी, त्यामुळे "आवाज मोठा नाहीये हो" वगैरे कोणी म्हणालं तरी त्यात अर्थ नाही. डेसिबल मोजायचं मशीन तुमच्याकडे नसलं तरी चालतं, मोबाईलवर वेळ दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, मुंबई हायकोर्टाने २०१६ मध्येच सांगितलंय की तक्रार करणाऱ्याची ओळख उघड करायची नाही.

फोनवर एवढंच सांगा:
- नेमकी जागा, जवळची खूण
- कधीपासून चालू आहे
- मंडप आहे, हॉल आहे का गच्ची

फक्त एक बघा, सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, त्या तारखा जिल्हाधिकारी जाहीर करतात, त्यातला दिवस असेल तर १२ वाजेपर्यंत थांबावं लागेल (तेव्हाही डेसिबलची मर्यादा असतेच, पण कोण ऐकतंय). बांधकामाच्या मशीनचा त्रास असेल तरी रात्री हाच नियम, राहत्या वस्तीत तीही चालवता येत नाहीत.