ओमानला अपहोल क्रूवर यायचंय? आधी हे वाच

तू विचारलंस, भूशास्त्रात एमएस्सी करून ओमानच्या वाळवंटात साइझमिक क्रूवर (जमिनीत लहरी सोडून तेलासाठी खालचे थर शोधणाऱ्या तुकडीवर) अपहोलचं, म्हणजे भोक पाडून वरच्या थरांतला लहरींचा वेग मोजायचं, काम मिळतंय, म्हणजे नुसतं बोअर मारणंच ना? घ्यावं का?

घे. बोअर ड्रिलर मारतो, मोजायचं तू. भोकात जिओफोन, म्हणजे जमिनीचे कंप टिपणारं यंत्र, सोडायचा, वर प्लेटवर हातोडा हाणायचा आणि लहर पोचायला किती मिलिसेकंद लागले ते खोलीगणिक टिपायचं. आलेखाचा उतार बदलला की वरचा झिजलेला, सैल थर संपला. त्या थरात लहर सेकंदाला पाच-सातशे मीटरने रांगते, खाली दोन हजारांच्या पुढे पळते. हातोडा भोकापासून थोडा लांब असतो, म्हणून वरच्या वाचनांना तिरक्या वाटेची दुरुस्ती लागते. नवी मुलं हमखास तिथेच घसरतात.

हे कशासाठी? लहर खोल खडकावर आपटून परतायला किती वेळ लागला त्यावरून खडकाची खोली काढतात; वरच्या सैल थरातला उशीर वजा केला नाही तर खडक आहे त्याहून खोल दिसतो. 20 मीटर सैल थरात 500 च्या वेगाने 40 मिलिसेकंद जातात, 2,000 च्या वेगाने 10. फरक 30, जाऊन-येऊन 60. खालच्या खडकात वेग 3,000 धरलास तर नकाशावर 90 मीटरचा खोटा खळगा पडतो. तेलवाले उंचवटे शोधतात; खळग्याशेजारचा सपाट भागही मग उंचवटा वाटतो आणि तिथली विहीर कोरडी जाते.

कोकणात सड्यावर विहीर खणताना पाहिलं असशीलच: वर कडक जांभा, खाली मऊ शेडी माती, मग काळा कातळ. अशा जमिनीत जमिनीवरून केलेलं रिफ्रॅक्शन (खालच्या थरातून वळून वर येणाऱ्या लहरींवरून थर मोजणं) फसतं, कारण कडक थराखालच्या संथ थरातून लहर वळून वर येतच नाही. अपहोल तो थर भेदून जातं. वाळवंटातही कडक पापुद्र्याखाली सैल थर भेटतात, तेव्हा कोकणातली ही नजर कामी येते. वाळूच्या टेकड्यांचं निराळं: तिथे वेग खोलीबरोबर वाढत जातो, सबंध टेकडीला एकच आकडा लावू नकोस.

आता कागदपत्रं. एजंट ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः बघ. 30,000 रुपये आणि जीएसटी, याच्या वर फी मागितली तर सरळ उठून ये. पगारापेक्षा रोटेशनची, म्हणजे किती दिवस काम आणि मग किती दिवस सुट्टी याची, अट आधी वाच. जून ते ऑगस्ट दुपारी 12:30 ते 3:30 उघड्यावर काम करायला तिथे कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पहाटे उठायची सवय लाव. आणि गणपतीची रजा करार करतानाच बोलून ठेव. क्रूवर कोकणातले दोघे असले तरी तिच्यावरून जुंपते.