जुन्या ॲम्बेसेडरला ड्रॅग रेससाठी पिनियनचा अँगल किती अंश ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत ॲम्बेसेडरवर १८०० चं इसुझू इंजिन चढवलंय, मागे मूळचे कमानपाटेच आहेत. क्लच सोडला की मागून दणदण आवाज करत गाडी उड्या मारते आणि शाफ्टचे क्रॉस (दोन्ही टोकांच्या वाकणाऱ्या जॉइंटमधले अधिक-चिन्हासारखे तुकडे) टिकत नाहीत. मिस्त्री म्हणतात पिनियन (शाफ्टकडून ताकद घेऊन मागच्या डिफरन्शियलमध्ये नेणारा गिअर) गिअरबॉक्सला समांतर करा, व्हिडिओवाला म्हणतो ५ अंश खाली करा.

दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या क्षणाबद्दल बोलतायत. मिस्त्री सांगतात ती स्थिती गाडी पूर्ण ताकदीनं सुटलेली असताना पाहिजे. व्हिडिओवाला सांगतो ती गाडी उभी असताना.

आपल्याकडे चिकोडी, हुक्केरी भागात रोटाव्हेटर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. ट्रॅक्टरचा पीटीओ (मागचा फिरता दांडा) चालू ठेवून रोटाव्हेटर जास्त उचलला की शाफ्ट खडखडायला लागतो. क्रॉसचा जॉइंट वाकड्यात फिरतो तेव्हा त्याच्या पुढची बाजू एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. ३ अंशाला हा चढउतार ०.१४ टक्के, ७ अंशाला ०.७५ टक्के. अंश दुपटीच्या थोडे वर, चढउतार पाचपटीवर. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे अँगल सारखे असले, म्हणजे गिअरबॉक्सची आणि पिनियनची रेघ समांतर असली, तर पुढच्या जॉइंटची गडबड मागचा जॉइंट मोडून काढतो. पण त्यासाठी शाफ्टचे दोन्ही योक (क्रॉस धरणारे टोकांचे काटे) एका रेषेत हवेत. स्प्लाइन एक दात चुकवून शाफ्ट जोडलेला असला तर अँगलशी कितीही खेळा, थरथर जाणार नाही. हे आधी बघून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत.

आता उभ्या गाडीत समांतर का चालत नाही? पिनियन क्राऊनला (चाकं फिरवणाऱ्या मोठ्या गिअरला) ढकलते तेव्हा चाकं पुढं फिरतात आणि उलट जोर हौसिंगवर (मागच्या ॲक्सलच्या पेटीवर) येतो. पिनियन क्राऊनवर चढायला बघते, म्हणजे तिचं नाक वर जातं. कमानपाट्यांवर हौसिंगला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं, त्यामुळे पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, टायरची पकड सुटली की परत सरळ होतो, पुन्हा वळतो. तुमची दणदण बहुतेक हीच. आधी समांतर ठेवलेली पिनियन अशा वेळी चार-पाच अंश वर गेलेली असते, म्हणजे नेमका जास्तीत जास्त टॉर्क असताना क्रॉस वाकड्यात. तुटणार नाही तर काय होणार?

म्हणून नाक आधीच खाली ठेवायचं, सुटताना जेवढं वर येणार तेवढं. नुसत्या कमानपाट्यांवर ५ ते ७ अंश, ट्रॅक्शन बार (हौसिंगला वळू न देणारा दांडा) असेल तर ३-४, कॉइल आणि लिंकवाल्या गाडीला १-२ अंशांपासून सुरुवात करतात.

पण हे अंश कशापासून मोजायचे, इथंच सगळे घसरतात. जमिनीपासून नाही, गिअरबॉक्सच्या रेषेपासून. समजा तुमचा गिअरबॉक्स मागच्या बाजूला ३ अंश उतरता आहे. त्याला समांतर पिनियन म्हणजे नाक ३ अंश वर. त्याच्यापासून ५ अंश खाली आलं की जमिनीच्या हिशेबानं नाक फक्त २ अंश खाली दिसेल. कुणी व्हिडिओ बघून जमिनीपासून ५ खाली केलं, तर खरा फरक ८ झाला.

मोजताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाचा माणूस किंवा पोती. बॉडीखाली जॅक लावून, ॲक्सल लोंबता ठेवून घेतलेलं माप फुकट. पिटवर घ्या. चुंबकवाला डिजिटल अँगल गेज पिनियनच्या फ्लँजच्या मशीन केलेल्या तोंडावर धरा, मग गिअरबॉक्सच्या शेपटाकडच्या तशाच फ्लँजवर, मग शाफ्टच्या नळीवर. तिन्ही मापं गाडी न हलवता घ्या. मोबाईलच्या ॲपवर या कामात माझा विश्वास नाही, कव्हरच्या गोल कडा अर्धा अंश सहज खातात.

बदल करायला पाटा आणि हौसिंगचं पॅड यांच्यामध्ये टेपर पाचर घालतात. कमान हौसिंगच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू मागे, म्हणजे नाक खाली येतं. कमान वर असेल तर जाड बाजू पुढे. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही मिलिंगवाल्याकडून स्टीलची करून घ्या, ॲल्युमिनियमची नको, दाबानं चपटी होऊन सटकते. सेंटर बोल्टचं भोक नेमकं पाहिजे आणि यू-बोल्ट नवे घाला. आणखी एक, पिनियन अँगल म्हटल्यावर काही मिस्त्री डिफरन्शियल उघडून आतल्या शिम (पातळ चकत्या) काढायला बसतात. आतल्या शिम क्राऊन आणि पिनियनच्या दातांच्या बैठकीसाठी असतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. हात लावू देऊ नका.

माझं मत विचाराल तर अँगलच्या आधी पाट्याचं वळणं कमी करा. ट्रॅक्शन बार लावा, नाहीतर निदान कमानीच्या पुढच्या अर्ध्या भागावर क्लिपा घट्ट आवळा, मागचा भाग मोकळा सोडा. ७ अंश खाली ठेवून भागवणं म्हणजे पाय उचलल्यावर आणि गावातून साधी चालवताना तोच वाकडेपणा अंगावर घेणं. पिनियन नक्की किती वर येते ते बघायला खाली एक छोटा कॅमेरा हौसिंगकडे तोंड करून बांधा आणि फ्लँजच्या मागे खडूनं खुणा करा. मग पाचर किती अंशाची करायची ते गाडीच सांगते.

हे सगळं बंद जागेत, परवानगी काढून. रात्री बायपासवर ट्राय घेऊ नका. आणि त्याआधी शाफ्टला लूप (तुटलेला शाफ्ट अडवणारं कडं) बसवा. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसच्या संस्थेच्या, एनएचआरएच्या नियमात तो पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत, पाव इंच जाड आणि २ इंच रुंद पट्टीचा, शाफ्टभोवती पूर्ण फिरलेला लागतो. पुढचा क्रॉस तुटला तर लोंबणारा शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उलटी करू शकतो, आणि तुमचे क्रॉस तर आधीच तुटतायत. शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये सेंटर बेअरिंग असेल तर हिशेब वेगळा पडतो. तसं असेल तर तिन्ही जॉइंटची मापं लिहून टाका, बघू.