वाचकांचे प्रश्न : धर्मानंद कोसंबी आणि पालीचे अध्यापन

प्रश्न : आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, असे वाचनात आले. मग ते हार्वर्डपर्यंत कसे पोचले, आणि महाराष्ट्रात पाली रुजली याचे श्रेय त्यांना कितपत द्यावे?

उत्तर : पदवी नव्हती हे खरे; पण कोसंबींइतकी खडतर विद्यार्थिदशा फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. गोव्यातील सांकवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेल्या कोसंबींना 'बालबोध' मासिकातील एका लेखाने बुद्धचरित्राची ओढ लावली, आणि 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यानंतर काशीला अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. परंतु मूळ बौद्ध ग्रंथ वाचायचे तर पाली हवी आणि ती शिकवणारे गुरू सिंहलद्वीपात, म्हणून 1902 मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे गेले. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत लिहिली जाते, त्यामुळे पाठ ताडून पाहणाऱ्याला आधी लिप्याच आत्मसात कराव्या लागतात. ही तयारी असल्यामुळेच बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे, अमेरिकन अभ्यासक वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले संपादन पुढे नेण्यासाठी 1910 मध्ये हार्वर्डने त्यांना बोलावले.

श्रेयाविषयी मला निःसंकोचपणे सांगावेसे वाटते की, ते मोठे आहे. कलकत्त्याची अध्यापकी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा 50 रुपयांचे साहाय्य स्वीकारले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठीत लिहायचे होते. पुढे डॉ. भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि 1912 पासून कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवू लागले. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्याच हाताखाली तयार झाले, आणि नेमके हेच काम एखाद्या ग्रंथापेक्षा अधिक टिकाऊ ठरले असे मी मानतो.

'विसुद्धिमग्गा'ची त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती मात्र 1950 मध्ये निघाली. तोवर सेवाग्राम येथे त्यांचे निधन होऊन तीन वर्षे लोटली होती. त्यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत त्यांच्याच शब्दांत वाचायची असल्यास 'निवेदन' हे आत्मचरित्र मिळवावे.