इतक्या उष्णतेत ड्युटेरॉन वाचतो कसा?

प्रश्न : सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रके आदळवली की प्रचंड तापमान निर्माण होते, आणि त्यातूनच ड्युटेरॉन (एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन यांचे केंद्रक) व प्रतिड्युटेरॉन (त्याचे प्रतिद्रव्यातले रूप) बाहेर पडतात, असे वाचले. ड्युटेरॉन फोडायला २.२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा पुरते. मग तो वितळत कसा नाही? आणि हजारो कणांत प्रतिकेंद्रक ओळखायचे कसे?

उत्तर : शंका रास्त आहे. कणांचे प्रमाण ठरते त्या क्षणी तापमान ऊर्जेच्या एककात सुमारे १५६ एमईव्ही, म्हणजे १.८ लाख कोटी केल्विन असते. ड्युटेरॉनच्या बंधनऊर्जेच्या सत्तरपट. तरीही याच तापमानावरून सांख्यिकीय प्रारूपाने काढलेली ड्युटेरॉनची संख्या मोजणीशी जुळते. केंद्रकात एकेक न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) वाढला की उत्पादन सुमारे ३०० पटींनी घटते. म्हणूनच चार प्रतिन्यूक्लिऑनांचे प्रतिहीलियम-४ इतके दुर्मीळ : २०११ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगाला सुमारे शंभर कोटी टकरींतून अवघी १८ मिळाली.

पण संख्या जुळली म्हणजे ड्युटेरॉन त्या भट्टीतच जन्मला असे ठरत नाही. दुसरे स्पष्टीकरण असे, की टकरीतून झालेला तप्त गोळा पसरून निवला की जे प्रोटॉन-न्यूट्रॉन जवळजवळ असतात आणि जवळपास एकाच वेगाने निघतात, ते शेवटी जोडले जातात. याची खरी कसोटी हायपरट्रायटॉनवर, म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि लॅम्डा (न्यूट्रॉनचा जड भाईबंद) यांच्या केंद्रकावर लागते. त्यातला लॅम्डा कण इतका सैल बांधलेला असतो की केंद्रक सुमारे १० फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग) पसरते. प्रोटॉन-शिसे टकरीतला गोळा त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे तिथे ते जुळणे अवघड. सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगात तिथे त्याचे प्रमाण सांख्यिकीय प्रारूपाच्या आकड्यापेक्षा खरोखरच कमी भरले. आमचा कल त्यामुळे उशिरा जुळण्याकडे आहे.

आता ओळख. चुंबकीय क्षेत्रात मार्ग किती वळतो त्यावरून संवेग कळतो आणि कोणत्या बाजूला वळतो त्यावरून विद्युतभाराचे चिन्ह. मग वेळ मोजायची. संवेग २ जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) असेल तर ३.७ मीटर अंतर प्रोटॉन १३.६ नॅनोसेकंदांत कापतो आणि ड्युटेरॉन १६.९. घड्याळाची अचूकता ०.१ नॅनोसेकंदाहून सरस, म्हणजे फरक स्वच्छ दिसतो. मात्र हीलियम-४ आणि ड्युटेरॉन यांचे वस्तुमान-भार गुणोत्तर जवळपास सारखेच, तिथे घड्याळ फसते. अशा वेळी वायूने भरलेल्या कक्षातला ऊर्जाऱ्हास बघावा लागतो. तो भाराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून त्याच वेगाच्या हीलियमचा चौपट. हीलियमचा संवेग काढताना मार्गाच्या वळणावरून आलेला आकडा दुप्पट करायला विसरले, तर पुढचे सगळे गणित बिघडते.

कमी संवेगाला आणखी एक अडचण येते. टकरीतले कण, ज्या बेरिलियमच्या नळीत टक्कर होते तिच्यावर आदळून तिथूनच ड्युटेरॉन उडवतात. ते टकरीच्या बिंदूतून आलेले नसतात, म्हणून मार्ग मागे वाढवून तो बिंदूपासून किती दूर जातो ते तपासतात. खऱ्यांची रास शून्याजवळ टोकदार येते, नळीतल्यांची पसरट. प्रतिड्युटेरॉनला ही भेसळ नाही, कारण नळीत प्रतिद्रव्यच नाही. त्याचा तोटा वेगळाच : शोधकाच्या साहित्यात तो नष्ट होतो. ती गळती मोजून आकड्यात भरून काढल्याशिवाय ड्युटेरॉन आणि प्रतिड्युटेरॉन यांची तुलना करता येत नाही.