वाचक विचारतात : उरणला जाताना घड्याळाआधी तिथी पाहा

उरणच्या एका बाजूला जेएनपीए बंदर, ओएनजीसीचा प्रकल्प, वायू विद्युत केंद्र आणि नौदलाचा तळ आहे, तर दुसऱ्या बाजूला पीरवाडीची वाळू, द्रोणागिरीचा डोंगर आणि पाणजेचे पाणथळ. यंदा पावसाळा संपताच उरणबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

भाऊच्या धक्क्यावरून दहाच्या लाँचने मोऱ्याला गेलो. संध्याकाळी परतताना खिडकीवर ‘सुकती (ओहोटी) आहे, थांबा’ असे सांगितले. आभाळ स्वच्छ होते, वाराही नव्हता. हे आधी कसे कळावे? (डोंबिवली)

कारण हवेत नाही, गाळात आहे. मोरा बंदरात गाळ फार साचतो. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या मोठ्या ओहोटीला धक्क्याजवळ इतके कमी पाणी उरते की लाँच टेकते. मग पाणी चढेपर्यंत फेऱ्या थांबतात. ही थांबण्याची वेळ दोन तासही असते, कधी चार तासही.

हे आधी ओळखायचा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. छापील तक्त्यातली वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे निघते, बहुधा पुढेच.

आता मेख पाहा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे उधाणाची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला. नोकरदारांची आणि परतणाऱ्या पर्यटकांची नेमकी हीच वेळ. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, म्हणून द्वितीयेला संध्याकाळची लाँच धरून बेत आखू नये. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही, आणि लाँच सहसा अडत नाही.

पावसाळ्यात वेगळे कारण असते. बंदरात तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला की वाहतूक बंद ठेवतात. तेव्हा तिथी पाहून उपयोग नाही. परतीसाठी उरणहून नेरूळ-बेलापूरची लोकल आहे. खारकोपर ते उरण हा टप्पा १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. परतीचा बेत लाँचवर असला तरी लोकलची वेळ लिहून ठेवाच.

पीरवाडीच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन जायचे आहे. पाण्यात उतरणे सुरक्षित आहे का? मागच्या वेळी पायांना डांबरासारखे काहीतरी चिकटले, ते दोन दिवस निघाले नाही. (कल्याण)

गुडघ्याएवढ्या पाण्यात, भरती चढत असतानाच्या पहिल्या दोन तासांत उतरा. पाणी ओसरत असताना मुलांना आत सोडू नका. ओहोटीचे पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उतार बारा हिश्श्यांचा धरला, तर सहा तासांत तो एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असा वाटला जातो. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटर असेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला १ मीटर खाली जाते. वाळूचा उतार पन्नासात एक असेल, तर पाण्याची कड तासाभरात ५० मीटर मागे सरते, आणि त्या ओढीपुढे मुलांचे पाय टिकत नाहीत.

चढत्या पाण्याचा धोका वेगळा. ओहोटीला खडक उघडे पडतात, मुले खेकडे शोधत टोकापर्यंत जातात आणि मागच्या सखल भागात आधी पाणी भरते. समोरचा खडक कोरडा दिसत असतानाच परतीची वाट बुडालेली असते. म्हणून खडकांवर जायचे ते पाणी उतरत असताना, आणि पूर्ण ओहोटीच्या वेळेला परत फिरायचे. गाडी वाळूवर नेऊ नका. वरची वाळू कोरडी दिसली तरी खालची ओली असते. चाक रुतले की गाडी काढायला मिळणारा वेळ भरती ठरवते.

पायाला चिकटले ते डांबरगोळे. जहाजांतून समुद्रात गेलेले तेल उन्हाने आणि लाटांनी घट्ट होते आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की किनाऱ्याला लागते. म्हणून ते मे ते सप्टेंबर या काळात जास्त दिसतात. साबणाने ते निघत नाहीत, उलट पसरतात. खोबरेल किंवा कोणतेही खाण्याचे तेल कापसावर घेऊन पाच मिनिटे चोळा, कापडाने पुसा आणि मग साबण लावा. रॉकेल-पेट्रोल लहान मुलांच्या कातडीला लावू नका, आग होते आणि पुरळ उठते. छोटी बाटलीभर तेल पिशवीत असू द्या.

आमचे नातेवाईक प्रकल्पांजवळ राहतात. कधी कधी वायूचा वास येतो. अशा वेळी पहिल्यांदा काय करावे? (पनवेल)

वारा कुठून येतो ते पाहा. झाडाची फांदी, दोरीवरचे कपडे, चिमूटभर माती, काहीही चालेल. वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवे चाला. गाडी चालू करू नका, विजेचे बटण चालूही नको आणि बंदही नको, कारण ठिणगी दोन्हींत पडते. सुरक्षित अंतरावर गेल्यावर ११२ ला फोन करा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गटारात, खड्ड्यात, तळमजल्यावर साचतो, म्हणून सखल जागेत आसरा घेऊ नका. त्याचा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. विहिरीतून आलेल्या कच्च्या नैसर्गिक वायूला तसा वास असेलच असे नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येऊन अचानक थांबला, तर धोका टळला असे समजू नका. हायड्रोजन सल्फाइड नाकच बधिर करतो.

नाल्यावर तेलाचा तवंग दिसला, तर तिथे काडी ओढू नका आणि मुलांना लांब ठेवा. ३ सप्टेंबर २०१९ ला ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या मार्गात आग लागली आणि चौघांचा जीव गेला. तवंग दिसताच कळवण्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. ‘कुणीतरी कळवले असेल’ असे धरून चालू नये.

पाणजेला रोहित पक्षी पाहायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा रिकाम्या हाती आलो. (ठाणे)

बहुधा ओहोटीला गेला असाल. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे पांगून चरतात. भरतीने चिखल बुडाला की ते आतल्या उथळ पाण्यात येऊन उभे राहतात. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा. ती वेळ सकाळी यावी, म्हणजे दशमी ते त्रयोदशीमधली तिथी सोयीची, कारण ऐन दुपारी तापलेल्या हवेने दुर्बिणीतले चित्र थरथरते. हंगाम नोव्हेंबर ते मे. बांधावरच थांबा, शिट्टी-टाळी नको. थवा उगाच उडाला की चरून साठवलेली ताकद वाया जाते.

दुसरे कारण मात्र तुमच्या हातातले नाही. पाणजेत भरतीचे पाणी शिरण्याच्या वाटा अडल्या, की तळे सुकते आणि पक्षी येत नाहीत. तळ भेगाळलेला दिसला तर तारीख आणि तिथी लिहून फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला व वन विभागाच्या कांदळवन कक्षाला लेखी पाठवा. भरतीची वेळ सोबत लिहिलीत, तर ‘तेव्हा ओहोटी होती’ हे उत्तर मिळत नाही. या जागेसाठी एवढे जरूर करा.

द्रोणागिरीवरून ड्रोन उडवता येईल का? (पुणे)

नाही. नौदलाच्या तळांभोवती ३ किलोमीटरच्या परिघात ड्रोनला बंदी आहे आणि करंजाचा तळ डोंगराच्या पायथ्याशीच आहे. साध्या कॅमेऱ्याने किल्ल्याचे अवशेष आणि समुद्र टिपा, पण प्रकल्पांकडे आणि तळाकडे कॅमेरा रोखू नका.

मोटरसायकलने अटल सेतूवरून उरणला जाता येते का? (दादर)

येत नाही. सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे. वाशी-बेलापूर मार्गे या, आणि अंधार पडायच्या आत परता. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कंटेनर ट्रेलरच्या मागचे दिवे बरेचदा बंद असतात.