ठराव झाला, पुढे काय? महापालिकेच्या कारभाराविषयी वाचकांचे प्रश्न

कोल्हापूर महापालिकेच्या सभेतील निर्णय, घरफाळा (मालमत्ता कर) आणि हद्दवाढ यांविषयी अनेक वाचकांची पत्रे आली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : ‘महासभेत ठराव मंजूर’ अशी बातमी आली की नियम लागू झाला असे समजायचे का? उद्या दुकानापुढील फलकावर किंवा कचरा उचलण्यावर शुल्क घेण्याचा ठराव झाला, तर व्यापाऱ्याने ते लगेच भरायचे का? (एक व्यापारी, शिवाजी पेठ)

नाही. बातमीतील ‘मंजूर’ या शब्दापाशी थांबल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात. कोल्हापूर महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याखाली चालते आणि तिच्या सभागृहाचे सगळे अधिकार या कायद्यातून येतात. एखाद्या बागेला नाव देणे किंवा स्वतःच्या निधीतून एखादे काम हाती घेणे असा विषय असेल, तर सभागृहाचा ठराव बहुधा पुरेसा ठरतो. मात्र सर्व नागरिकांवर बंधन घालणारा आणि मोडल्यास दंड होणारा नियम करायचा असेल, तर नुसत्या ठरावाने भागत नाही. त्यासाठी उपविधी करावा लागतो, आणि त्याचा मार्ग बराच लांबचा आहे.

कोणकोणत्या विषयांवर उपविधी करता येतात, त्याची यादी कायद्याच्या कलम ४५८ मध्ये आहे. त्यापुढील कलमांनुसार आयुक्तांनी मसुदा सभागृहापुढे ठेवायचा, तो विचारात घेणार असल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची, मसुद्याची प्रत मुख्य कार्यालयात कोणालाही विनामूल्य पाहता येईल अशी ठेवायची, मुदतीत आलेल्या लेखी हरकती व सूचनांचा विचार करायचा आणि त्यानंतरच सभागृहाने उपविधी संमत करायचा, असा क्रम आहे. एवढे झाल्यावरही राज्य शासनाची मंजुरी मिळून तो प्रसिद्ध होईपर्यंत तो अमलात येत नाही. कचऱ्याच्या बाबतीत २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असे उपविधी करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवरच टाकली होती, तरी टप्पे टळत नाहीत. आपल्यासारख्या व्यापाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची खरी संधी हरकतींच्या टप्प्यावर असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली जाहीर सूचना आपण सगळेच नजरेआड करतो आणि पहिली पावती हातात पडली की मोर्चाची भाषा सुरू होते, ही आपल्या शहराची जुनी सवय आहे.

ठरावाची प्रत मिळाली तर ती कशी वाचावी, हेही येथे सांगतो. वर सभेची तारीख, विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक असतो, मग आयुक्तांच्या पत्राचा संदर्भ येतो, खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. विषय प्रशासनाकडून आला असेल तर त्याला बोलीभाषेत ऑफिस प्रस्ताव म्हणतात आणि नगरसेवकांनी मांडला असेल तर सदस्य ठराव. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सदस्य ठरावामागे खात्याचा अभिप्राय आणि खर्चाचा अंदाज असेलच असे नाही. सर्वांत महत्त्वाचे असते ते मजकुराचे अखेरचे वाक्य. तेथे ‘मान्यता देण्यात येत आहे’ असे असेल तर एक अर्थ होतो, आणि ‘शासनाकडे शिफारस करण्यात यावी’ असे असेल तर दुसरा. दुसऱ्या प्रकारात निर्णय मंत्रालयात व्हायचा असतो आणि सभागृहाने फक्त आपले मत कळवलेले असते.

शिवाय मंजूर झालेला ठरावही मागे घ्यावा लागू शकतो. कायद्याच्या विरुद्ध किंवा अधिकाराबाहेरचा ठराव निलंबित करण्याचा आणि पुढे विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकार कलम ४५१ ने राज्य शासनाला दिला आहे. महापालिकेच्या गाळ्यांच्या भाड्याचे उदाहरण घ्या. कलम ७९ चे मूळ तत्त्व असे की, महापालिकेची मालमत्ता चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. त्यामुळे गाळेधारकांना खूश करण्यासाठी सभागृहाने एकमताने भाडे निम्मे केले, तरी त्या एकमताला कायद्यापुढे किंमत राहत नाही. अशा ठरावावर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे आधीपासून ठाऊक असते, असे माझे मत आहे.

प्रश्न : घरफाळ्याचे दर कोण ठरवते? आणि आकारणी चुकीची वाटत असेल तर नगरसेवकांकडे जावे की न्यायालयात? (एक गृहिणी, राजारामपुरी)

आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. दर हा सगळ्या शहरासाठी असतो आणि आकारणी आपल्या एका मिळकतीची असते. दराचा प्रस्ताव अंदाजपत्रकाबरोबर आयुक्तांकडून सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे जातो, समितीचे म्हणणे विचारात घेऊन पुढील आर्थिक वर्षाचे दर सभागृह ठरवते, आणि कलम ९९ नुसार हे काम २० फेब्रुवारीपर्यंत पूर्ण व्हायला हवे. म्हणजे दरवाढीला विरोध करायचा असेल तर तो जानेवारी-फेब्रुवारीत, आपल्या प्रभागाच्या सदस्यांमार्फत करायचा. एप्रिलनंतर बिल हातात घेऊन दरावर भांडण्यात वेळ घालवू नये.

आकारणीचे तसे नाही. क्षेत्रफळ जास्त धरले असेल, राहत्या घराला व्यापारी वापर लावला असेल किंवा बांधकामाचे वर्ष चुकले असेल, तर मिळालेल्या नोटिशीतील मुदतीत लेखी हरकत द्यावी. कोल्हापुरात गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. अर्ज आपल्या विभागात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का न विसरता घ्यावा. तोंडी सांगितलेले आणि ‘साहेबांशी बोललो आहे’ असे कळवलेले पुढे उपयोगी पडत नाही. हरकतीवरील निर्णय मान्य नसेल तर कलम ४०६ खाली दिवाणी न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी मुदत पंधरा दिवसांचीच आहे, आधी प्रशासनाकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असावा लागतो आणि मागणीची रक्कम सर्वसाधारणपणे आधी जमा करावी लागते. ही शेवटची अट अनेकांना अन्यायाची वाटते, परंतु ती टाळून थेट न्यायालयात गेलेले अपील दारातच अडते.

प्रश्न : आमच्या तालमीच्या इमारतीसाठी अंदाजपत्रकात रक्कम धरली आहे. महापालिका आता ती देण्यास बांधील आहे ना? (एका तालीम मंडळाचे कार्यकर्ते, मंगळवार पेठ)

नाही. तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी, तिजोरीतील रोकड नव्हे. पाणी, दिवाबत्ती, गटारे, रस्त्यांची झाडलोट ही कामे कलम ६३ खाली बंधनकारक आहेत. तालमीची इमारत त्या यादीत येत नाही. म्हणून वसुली कमी झाली की कात्री प्रथम अशाच कामांना लागते. लेखाशीर्षाखाली रक्कम धरल्यानंतर अंदाजपत्रकीय आराखडा, प्रशासकीय मंजुरी, निविदा आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) असे टप्पे पार पडावे लागतात. आपले काम यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे ते शहर अभियंता कार्यालयात विचारावे. नारळ कार्यादेशानंतर फोडलेला बरा.

प्रश्न : सामान्य नागरिकाला महासभा पाहता येते का? इतिवृत्त कोठे मिळते? (सेवानिवृत्त शिक्षक, नागाळा पार्क)

पाहता येते. सभागृहाने बहुमताने एखादी चर्चा खासगीत घेण्याचे ठरवले नसेल तर सभा सर्वांना खुली असते. महिन्यातून किमान एक सभा व्हावी आणि सर्वसाधारणपणे सात पूर्ण दिवस आधी तिची सूचना निघावी, असा नियम आहे. त्यामुळे विषयपत्रिका आधी पाहण्यास वेळ मिळतो. माझा आग्रह आहे की, विषयपत्रिकेपेक्षाही आपण ‘ऐनवेळचे विषय’ कोणते आले त्यावर लक्ष ठेवावे. तातडीच्या कामासाठी ही सोय ठेवलेली आहे, परंतु ज्या विषयावर चर्चा व्हायला हवी तोच विषय सभा उठण्याच्या घाईत वाचला जाण्याचा धोका तिच्यात आहे.

इतिवृत्त नगरसचिव कार्यालयात असते. सरळ मागून मिळाले नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. त्याचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘गेल्या पाच वर्षांतील सर्व ठराव’ असे न मागता सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहावा.

प्रश्न : महापालिकेने हद्दवाढीचे ठराव करूनही हद्द वाढत नाही. ग्रामपंचायतींनी विरोधाचे ठराव केले म्हणून ती थांबते का? उद्या आमचे गाव शहरात गेले तर आम्हाला विचारले जाणार की नाही? (एक ग्रामस्थ, पाचगाव)

हद्द ठरवण्याचा अधिकार महापालिकेलाही नाही आणि ग्रामपंचायतीलाही नाही. कायद्याच्या कलम ३ नुसार महापालिकेशी विचारविनिमय करून राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे हद्द बदलते. महापालिकेचा ठराव हा त्या विचारविनिमयाचा भाग आहे आणि ग्रामपंचायतीचा ठराव हे त्या गावाचे मत आहे. कायद्याच्या भाषेत दोन्ही ठराव शासनाला बांधून घालत नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर मात्र दोन्हींचे वजन असते, आणि कोल्हापूरच्या हद्दवाढीचा प्रश्न एवढा रेंगाळला तो कलमाच्या अर्थापेक्षा या वजनामुळे, हे उघड आहे.

कोल्हापूर नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महापालिका झाली. त्या वेळची सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटरची हद्द पुढे पन्नास वर्षे तशीच राहिली. दरम्यान २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ झाली आणि पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी अशा गावांत शहराला लागूनच वसाहती उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमण्यात आले. प्राधिकरण बांधकाम परवानगी आणि नियोजन पाहते, परंतु आपल्या घरात पाणी आणणे किंवा गल्लीतील कचरा उचलणे हे त्याचे रोजचे काम नव्हे. त्यामुळे हद्दवाढीला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहणे मला कधीच पटलेले नाही.

आपल्याला विचारले जाणार का, याचे उत्तर होय असे आहे. हद्द बदलणारी अधिसूचना आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावी लागते आणि त्यावर हरकती मागवाव्या लागतात. त्या वेळी ‘आमचा विरोध आहे’ एवढेच न लिहिता गावातील शेतजमिनीचे प्रमाण, पाणी योजनेवरील कर्ज, घरफाळ्यात पडणारा फरक, गायरानाचा प्रश्न असे मुद्दे कागदपत्रांसह मांडावेत. पाठिंबा द्यायचा असेल तरी लेखीच द्यावा, कारण पाठिंबा देणारे बहुधा गप्प बसतात आणि नोंद फक्त विरोधाची होते.

प्रश्न : प्रशासकांच्या काळातील ठराव नवे सभागृह रद्द करू शकते का? (एक वाचक, कसबा बावडा)

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. या काळात महासभा आणि स्थायी समिती या दोघांचेही अधिकार प्रशासकांकडे असल्यामुळे, आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडणारा आणि प्रशासक म्हणून त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच होता. पाच वर्षांच्या आत निवडणूक घेण्याचे बंधन घटनेच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये स्पष्ट असताना अशी व्यवस्था इतकी वर्षे चालावी, हे योग्य नव्हते. तरीही ते ठराव वैध आहेत. नवे सभागृह धोरणात्मक ठराव पुढील काळापुरता बदलू शकते. परंतु ज्या ठरावाच्या आधारे करार झाला, कार्यादेश निघाला किंवा एखाद्याला हक्क मिळाला, तो नुसत्या बहुमताने पुसता येत नाही. तसा प्रयत्न झाला तर प्रकरण न्यायालयात जाते आणि नुकसानभरपाईचा बोजा अखेर घरफाळा भरणाऱ्यांवरच येतो. एखादा विशिष्ट ठराव आपल्या मनात असेल, तर त्याखाली कार्यादेश निघाला होता की नाही हे आधी पाहावे. निघाला नसेल तर आपल्या प्रभागाच्या सदस्यांना तो विषय फेरविचारासाठी मांडण्याची लेखी विनंती करता येईल.