वृद्धाश्रमातल्या आईच्या दंडावर काळेनिळे डाग आहेत, तिथले लोक 'बाथरूममध्ये पडल्या' म्हणतात. विश्वास ठेवू का?

आधी न कळवता जा, शक्यतो रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला. भेटीच्या वेळेत सगळं नीटनेटकंच दिसतं.

अर्धांगवायूनंतर माझ्या वडिलांना आम्ही एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं. मी दर रविवारी जायचे. एकदा बुधवारीच गेले, सहज त्यांच्या सदऱ्याची बाही वर केली, तर मनगटाभोवती लाल वळ आणि त्यात सुती नाडीची वीण उमटलेली. रात्री उठू नयेत म्हणून त्यांना पलंगाला बांधत होते. कोणी बांधलं विचारलं, तर दाराकडे बघत हळूच म्हणाले, "मामांना काही बोलू नकोस गं." रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला तिथे सगळे मामा म्हणत. अप्पांना कुणाला इतकं घाबरताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

प्रत्येक डाग माराचा नसतो, हेही खरं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानेही काळंनिळं पडतं. 2005 साली अमेरिकेत वृद्धांच्या अंगावरच्या अशा डागांचा अभ्यास झाला. अपघाताने उठलेल्या डागांपैकी जवळपास 90 टक्के हातापायांवर होते. मान, कान, कुल्ले, तळपाय इथे एकही नव्हता. म्हणजे नुसत्या दंडावरून काही ठरत नाही. आईची मान, कानामागची जागा, पाठ नीट बघा. रंगावरून 'हा जुनाच डाग आहे' असं कोणी सांगितलं तर मानू नका. काही डाग पहिल्या दिवशीच पिवळे दिसतात.

आईशी एकटीशी बोला. फोटो काढा, बाहेरच्या डॉक्टरांना दाखवून जखमांची लेखी नोंद घ्या. पडल्याची नोंद तिथल्या रजिस्टरमध्ये आहे का, तेव्हा पाळी कुणाची होती, तेही विचारा. मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 115 खाली गुन्हा आहे, पोलिसांत तक्रार करता येते. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567, आणि तातडीचं असेल तर 112.

तक्रार केली तर रात्री अप्पांवर राग काढतील, या भीतीने मी आठ दिवस गप्प बसले. ते आठ दिवस अप्पा तिथेच होते. घरी आणल्यावरही कितीतरी महिने ते झोपताना दोन्ही हात पांघरुणात लपवून घ्यायचे. तुम्हाला जराही शंका वाटली तर आईला त्याच दिवशी घरी आणा, तक्रार दुसऱ्या दिवशी केलीत तरी चालेल.